विदाउटचा मुक्काम

आमचे शेजारी वामनकाका कोंबड्यांची तिकिटं तपासतात.

हातात खरं तिकीट नसतं एवढंच, बाकी सगळा थाट तोच. दिवस मावळायला आला की खुराड्याच्या दारात उभे राहणार, कपाळावरचा चष्मा नाकावर आणणार आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीकडे असं बघणार की ती बिचारी मान आखडून घेते. एखादी दाराजवळच दांडीवर ठाण मांडून बसली की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "पुढं सरका, पुढं जागा हाय." जन्म एसटीत गेला त्यांचा. आधी कंडक्टर, मग तपासनीस. नोकरी सुटली, नजर सुटली नाही.

जानेफळात आमचं घर आणि पिठाची गिरणी आहे आणि मागच्या अंगणाच्या भिंतीला लागून काकांचं घर. दळण घेऊन आले की पीठ पडेपर्यंत डबा सोडत नाहीत. "दुसऱ्याची जवारी माह्या गव्हात येऊन राह्यली," म्हणतात. अहो काका, मी सकाळपासून जवारी दळलीच नाही, म्हटलं तर म्हणतात, "मंग कालची असन. गडबड हाय." कोणी रस्त्यात जयभीम घातला तरी आधी त्याच्या पिशवीकडे बघतील, मग जयभीम म्हणतील. मुलगा पुण्याहून फोन करतो, तर त्यालाच विचारतात, "तू खरंच सुधीर बोलून राह्यला का? तुह्या आजीचं नाव सांग बरं."

त्यांचा कोंबडा तांबडा, उंच, तुर्रेबाज. त्याचं नाव कंट्रोलर. काकांचा सर्वात जास्त संशय त्याच्यावर. कंट्रोलर जमिनीवर चोच आपटत कुक कुक करतो, दाणा सापडला समजून कोंबड्या जीव तोडून पळत येतात आणि पाहावं तर तिथे साधी काडी.

"पाह्य व शोभा, पाह्य," काका मला भिंतीवरून दाखवतात. "नुसत्या थापा. अन् ह्या बाया रोज फसून राह्यल्या."

"पण संध्याकाळी सगळ्यांना आत घालूनच तो आत जातो की," मी म्हटलं एकदा. ते खरंच होतं. एखादी उकिरड्यावर रेंगाळली तर हा मेला दारात उभा राहून तिच्या नावानं ओरडत असतो.

"हाव, जाते शेवटी," काका म्हणाले. "पण काऊन? आपल्याले काय मालूम त्याच्या मनात काय हाय?"

कोंबड्या खरं तर काकूंच्या. काकू होत्या तेव्हा रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. मी भाजी निवडायची, त्यांनी गावभरच्या गोष्टी सांगायच्या. अंधार पडला की काका फाटकाशी येऊन हाक मारायचे, "चाल व, मुक्काम झाला." मुक्काम म्हणजे कोंबड्या दांडीवर बसल्या. रात्री गावात थांबते ती मुक्कामी गाडी, तसा हा कोंबड्यांचा मुक्काम. काका, आत या ना, चहा घ्या, म्हटलं तर फाटकाच्या बाहेरूनच उत्तर यायचं, "माह्यं काय काम हाय अठी? कामाबिगर कोणाच्या घरी जाऊन बसनं म्हंजे विदाउट परवास, बिनतिकिटाचा."

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. संध्याकाळी ओट्यावर मेथी घेऊन बसले की अजून अर्धी जागा सोडून बसते मी.

तर उन्हाळ्याच्या तोंडी एक दिवस, दिवेलागणीला, काका आमच्या दारात उभे. चेहऱ्यावर अगदी धाड घालायला आल्यासारखा भाव.

"विदाउट आली का अठी?"

विदाउट म्हणजे त्यांची ठिपक्यांची कोंबडी. कुठून तरी आपोआप येऊन कळपात शिरली, म्हणून तिचं नाव विदाउट. मागच्या अंगणात गेलो तर बाई आमच्या पेरूच्या फांदीवर पंख फुगवून बसलेल्या.

"घेऊन जा मग," मी म्हटलं.

"आता नोको. उजेडात बिथरते. अंधार पडू दे, मंग गुमान हातात येते." असं म्हणून काका ओट्याच्या कडेला टेकले. मी चहा केला. चहा घेता घेता त्यांनी आमचं अंगण, न्हाणी, गिरणीतून सांडलेले दाणे, सगळं नजरेखालून घातलं. अंधार पडल्यावर कोंबडी काखेत मारून गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. हळूहळू चहाबरोबर भाकरीचा तुकडाही सुरू झाला. एकदा काका आमच्या ह्यांच्याकडे रोखून बघत म्हणाले, "कोंबडी आपली जागा सोडत नसते. तिले उचलून रोज सांजच्याले एका फांदीवर ठेवा लागते, तवा तिचा मुक्काम बदलते. म्हंजे कोनीतरी ठेवून राह्यलं."

आमचे हे शांत माणूस, पण ताटावरून उठले. "म्हणजे मी चोर? उद्या ती फांदीच तोडतो. ना फांदी, ना भानगड."

मलाही संताप आला होता. आमचा चहा प्यायचा आणि आमच्यावरच आळ घ्यायचा! मी ठरवलं, आता काकांवरच लक्ष ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली, गिरणी बंद पडली, म्हणून मी नेहमीपेक्षा लवकर मागच्या दारानं अंगणात आले. भिंतीपलीकडून कुजबुज ऐकू आली. मी न्हाणीच्या आडोशाला थांबले.

काका बाजेवर चढून उभे होते. काखेत विदाउट. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, भिंतीवरून हात लांब केला आणि तिला अलगद आमच्या पेरूवर ठेवलं. ती फांदीच्या टोकाशीच बसून राहिली तेव्हा बोटानं तिला मागून ढकललं. "पुढं सरक व, पुढं जागा हाय." मग बाजेवरून उतरले, टोपी सारखी केली आणि फाटकातून फेरा घालून आमच्या पुढच्या दाराशी.

"विदाउट आली का अठी?"

अस्सा राग आला होता मला! तोंड उघडलंच होतं. पण काका ओट्यावर बसले ते नेमके कडेला, काकूंची जागा मोकळी सोडून. "आली ना," मी म्हटलं, "बसा. अंधार पडू द्या." आत जाऊन ह्यांना बजावलं, फांदीला कोयता लावायचा नाही. का म्हणून विचारलं, तर म्हटलं, पेरू चांगला येतो तिला.

पुढे पावसाळ्यात काका एका दिवसासाठी मेहकरला डोळे तपासायला गेले. कोंबड्या मोकळ्याच होत्या. संध्याकाळी मी भिंतीवरून डोकावले. कंट्रोलर दारात उभा राहून ओरडत होता, एकेक बाई आत जात होती. विदाउट सुद्धा गेली. सरळ, नाकासमोर. जाणारच की. काका रोज तिला परत नेतात, सकाळी ती उठते ती त्यांच्याच दांडीवर, तिचा मुक्काम कशाला बदलतोय?

मी परत येऊन मेथी निवडायला बसले. दोन जुड्या झाल्या. मेहकरची गाडी यायची वेळ झाली होती. काका येतील, खुराड्यात बघतील, सगळ्या जागेवर. मग? मग दार लावून घेतील आणि रात्रभर एकटे बसतील, दुसरं काय.

मी जुडी टाकली आणि त्यांच्या फाटकातून आत गेले. खुराड्यात हात घालून विदाउटला ओढलं तर तिनं गाव गोळा होईल एवढा आरडाओरडा केला. कंट्रोलर माझ्या पायावर तुटून पडला. लंगडत, शिव्या देत मी तिला आमच्या पेरूवर नेऊन बसवलं. नाक्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा मी पदरानं घाम पुसत होते.

भिंतीपलीकडं खुराड्याचं दार वाजलं. "पुढं सरका, पुढं," एवढं ऐकू आलं. मग दार पुन्हा उघडलं, पुन्हा लागलं.

थोड्या वेळानं काका दारात आले. आज चेहऱ्यावर धाडीचा भाव नव्हता. गोंधळले होते.

"विदाउट आली का अठी?"

"आली ना."

"आपल्या मनानं?"

"मग काय मी आणली?"

ते मागच्या अंगणात जाऊन पेरूकडे बघून आले. मग माझ्या पायाकडे बघितलं. घोट्यावर दोन ठिकाणी रक्त आलेलं होतं. मी पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"गडबड हाय," काका हळूच म्हणाले आणि ओट्यावर बसले. मी चहाचा कप पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, पण प्याले नाहीत.

"कंट्रोलर लय जोरात चावते व," ते म्हणाले. "हळद लावजो."