पिठलं उपाशी आहे

पार्बताबाई अकोल्याहून आल्या की पहिल्या दिवशी सुनेचं घर बघत आणि दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करायला घेत. त्या मंगळवारी मैथिली भाजी घेऊन परतली, तेव्हा सासूबाई पदरावरचा कोंडा झटकत गच्चीवरून उतरत होत्या. चेहऱ्यावर गड जिंकल्याचं समाधान होतं.

“मैथिली, तो हिरव्या झाकनाचा डबा वं, कपाटाखालचा! अळ्या पडल्या होत्या त्याच्यात, ह्या एवढ्याल्या! ऊन दाखवलं, चाळून काढला. पाह्य आता, कोंडा कसा झ्याक झाला.”

मैथिलीच्या हातातली गाजरं खाली पडली. “आई, अन् अळ्या?”

“साळुंक्याइनं खाल्ल्या. अन् झाकनाले छिद्रं कोनं पाडले? अशा डब्यात किडे नाई तं काय होईन?”

छिद्रं मैथिलीनंच पाडली होती, सुई तापवून. अळ्यांना हवा लागते म्हणून. तो कोंडा त्यांचं अंथरूण होता, जमिनीवर पडलेली गाजरं त्यांचीच होती. आणि अळ्या पिठल्याच्या होत्या.

पिठलं ही पाल होती. भिंतीवरची नव्हे, परदेशी. पिवळ्याधमक अंगावर काळे ठिपके, पिठल्यात मोहरी दिसावी तसे. मैथिलीचा भाऊ वर्षभरासाठी जर्मनीला गेला आणि जाताना काचेची पेटी, पालीचे सरकारी कागद आणि अळ्यांचा डबा बहिणीच्या घरी ठेवून गेला. पहिले आठ दिवस मैथिली त्या पेटीकडे वर्तमानपत्राआडून बघायची. पाठवून द्यावी कुठेतरी, असंही मनात आलं होतं. पण तिचा मुलगा गौरांग मोजायला लागला.

साडेसहा वर्षांचा गौरांग घराबाहेर बोलत नसे. घरात चुरूचुरू तोंड चालायचं, उंबरा ओलांडला की कुलूप. पहिलीचं अख्खं वर्ष त्यानं वर्गात एक शब्द काढला नव्हता. हजेरीला नुसता हात वर करायची सवलत बाईंनी दिली होती. “धीर धरा,” डॉक्टर म्हणाले होते, आणि मैथिलीला नेमकं तेवढंच जमत नव्हतं. पिठलं आल्यापासून मात्र तो रोज ओरडायचा, “आई, आज सात खाल्ल्या!” तो आवाज रस्त्यापर्यंत जायचा. जावा म्हणून मैथिली मुद्दाम खिडकी उघडी ठेवायची.

आता मोजायला काही उरलं नव्हतं.

नव्या अळ्या पुण्याहून यायला सहा दिवस लागणार होते, आणि मागचं पार्सल मेच्या उन्हातून असं भाजून आलं होतं, की फक्त मीठ लावायचं बाकी होतं. भावाला फोन केला. तो म्हणाला, “दोन-चार दिवस काही होत नाही, ताई. पण पिल्लू आहे. त्याचा साठा शेपटीत असतो. शेपूट बारीक व्हायला लागली, की मला कळव. आणि झुरळं देऊ नकोस, औषध मारलेली असतात.”

मैथिलीनं पिठल्याच्या शेपटीला दोरा गुंडाळून माप घेतलं आणि गाठ मारून ठेवली. गुरुवारी सकाळी तीच गाठ शेपटीवरून अलगद सरकली. गौरांगनं ते पाहिलं. त्या दिवशी तो घरातही फारसा बोलला नाही.

“आई,” मैथिली सासूबाईंना म्हणाली, “तुमी अकोल्याहून रवा आनला न, त्याच्यात पाहू का?”

“माह्या रव्यात?” पार्बताबाई ताठ झाल्या. “चाळीस वर्षांत माह्या डब्यात टोका निघाला नाई! शिरा करायले आनला मी तो नातवासाठी. हात नको लावू.”

मग मैथिली बाहेर पडली. अमरावतीत मे महिना, घरोघरी नवे गहू भरायचे दिवस. जुन्या धान्यात कुठे ना कुठे अळी असणारच. नसेल असं घर दाखवा, असं तिला वाटत होतं. अडचण एवढीच, की आहे म्हणणारं घरही मिळणार नव्हतं.

शेजारच्या चारुशीलाताई वकिलीणबाई. “ताई, तुमच्या डाळी-तांदळात थोड्या अळ्या असतीन न?”

“कोनाच्या? आमच्या?” ताईंनी कप खाली ठेवला. “मैथिली, वकिलाचं घर हाये हे!”

“तसं नाई, मले पाह्यजे होत्या. बोरिक पावडर लावलेल्या नसतीन तं बरं.”

“म्हंजे आमी पावडरबी लावत नाई?”

समोरच्या इंदूबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि आवाज उतरवून सांगितलं, “आमच्या घरी नाईत वं. पन चारुशीलाच्या घरी पाह्य, ढीगभर भेटतीन. मी बोलली म्हनून सांगू नको.” तिसऱ्या घराचं दार ती पोचण्याआधीच लागलं. संध्याकाळपर्यंत कॉलनीत पक्कं झालं, की मैथिलीनं कीटकनाशकाची एजन्सी घेतली आणि ती घरोघरी सर्व्हे करून राहिली.

त्याचा परिणाम शुक्रवारी दिसला. मैथिली कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तिथेच उभी राहिली. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर चादरी होत्या. गहू, तूर, हरभरा, तांदूळ; कॉलनीनं कधी नव्हे ते एकाच दिवशी सारं धान्य उन्हात काढलं होतं. बायका चाळण्या हलवत होत्या. साळुंक्या तर खाऊन खाऊन उडेनाशा झाल्या होत्या. कालपर्यंत जे काही मिळण्याची आशा होती, ते तिनं स्वतः दारोदार फिरून संपवलं होतं.

तिच्या कमरेला हात घालून गौरांग उभा होता. तो हात सुटला.

“मावशी!”

चारुशीलाताईंची चाळणी थांबली.

“मावशी, फेकू नका! माह्यं पिठलं उपाशी हाये! त्याले अळ्या लागतात!”

“अवो, हे पोट्टं बोलते?” ताई मैथिलीकडे बघत राहिल्या.

आपण श्वास घेतला तरी तो थांबेल, अशी मैथिलीला भीती वाटत होती. गौरांग मात्र कठड्याला धरून सांगत सुटला होता. पिठल्याचं जेवण शेपटीत असतं, ते चावत नाही, मेलेलं खात नाही, आणि पावडर लावलेल्या अळ्या दिल्या तर मरून जाईल. तीन गच्च्या ऐकत होत्या.

“आमच्या घरी अळ्या नाईत बाप्पा,” चारुशीलाताई म्हणाल्या, पण आवाज मऊ झाला होता. “कोनाकडं असल्या तं सांगीन.”

शनिवारी सकाळी दार उघडलं, तर पायरीवर स्टीलचे पाच डबे. माणूस एकही नाही. पहिलं झाकण उघडलं. डाळीत जाळी, जाळीत गुबगुबीत अळ्या, आणि वर कडुलिंबाची दोन पानं, म्हणजे पावडर लावलेली नाही याची हमी. गौरांग पळत आत गेला. क्षणभरानं आतून आवाज आला, “एक! आई, दोन!” मैथिलीनं डोळे पुसले.

डबे कुणाचे, हे कुणालाच कळू नये अशी देणाऱ्यांची इच्छा होती. फक्त लग्नात आलेल्या डब्यावर नाव कोरलेलं असतं, हे घाईत सगळ्याच विसरल्या होत्या. पार्बताबाईंना ते बरोबर आठवलं. त्यांनी नातवाला बाहेर बोलावून पायरीवर बसवलं. “वाच रे बाप्पा, मोठ्यानं वाच! कळू दे कॉलनीले, कोनाकोनाच्या घरी किडे हायेत ते!”

गौरांग बोट ठेवून वाचू लागला. “चि. सौ. कां. चा-रु-शी-ला!” शेजारचं फाटक लागलं. “सौ. इं-दू!” समोरचा पडदा हलला. तिसरं नाव, चौथं नाव. पार्बताबाई मान डोलावत होत्या, चष्मा आत राहिला होता. पाचवा डबा जुना, अक्षरं झिजलेली. आत रवा होता, रव्यात अळ्या.

“सौ. पा... पा-र्ब...”

“तो राहू दे!” पार्बताबाई झटकन उठल्या. “रिकामा हाये तो! हळू, बाप्पा, हळू!”

गौरांगनं आईकडे पाहिलं. हळू बोल, हे दोन शब्द मैथिलीनं या मुलाला आजवर कधी म्हटले नव्हते. आज जिभेच्या टोकावर आले. सासूबाई डोळ्यांनी विनवत होत्या.

तिनं गौरांगच्या पाठीवर हात ठेवला. “पुढचं काय लिवलं हाये रे?”

“पा-र्ब-ता-बा-ई दे-वी-दा-स!” गौरांग ओरडला. “अ-को-ला!”

शेजारचं फाटक पुन्हा उघडलं.