दाजींची चरबी आणि तीन मापं

धरणगावच्या एका लग्नात, भर पंगतीत, वरणावर तूप पडत असताना आमच्या दाजींनी माझ्या पोटाची वळी चिमटीत धरली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "चौतीस टक्के." समोर आमचे होणारे व्याही जेवत होते. त्यांना वाटलं, आमच्या मुलाचे मार्क सांगताहेत. त्यांचा चेहरा पडला.

"नुसती चिमटी शे, शालकबुवा," दाजी धीर देत म्हणाले. "तीन-चार टक्के इकडंतिकडं व्हतीन." मी हातातली पुरी ताटात ठेवली. मग उचलली.

प्रल्हाददाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. धुळ्यात बी-बियाण्यांचं दुकान, अंगाने भरलेले, स्वभावाने त्याहून भरलेले. हे मोजण्याचं वेड त्यांना हौसेने लागलं नव्हतं. अक्काच्या किडन्या थकल्या होत्या. दाजींची एक तिला चालणार होती, पण डॉक्टर त्यांच्या पोटाकडे बघून म्हणाले, "आधी हे उतरवा, मग बोलू." माझी साखर पाहून तर त्यांनी मला बसाही म्हटलं नाही. उरले दाजी, आणि दाजींचं पोट.

शेवभाजी बंद झाली. मळ्यातल्या भरीत पार्टीत दाजी कच्ची काकडी खात बसले आणि आम्ही तेलात न्हालेलं भरीत त्यांच्याकडे पाठ करून खाल्लं. वजन हलायला लागलं, पण दाजींचं समाधान होईना. "वजनमा हाडंबी शेत, पानीबी शे. माले चरबी मोजनी शे."

पहिला आला विजेचा काटा. त्याच्यावर अनवाणी उभं राहायचं, तळपायातून बारीकशी वीज जाते आणि काटा चरबी सांगतो. सकाळी एकतीस. दुपारी उन्हातून घामाघूम होऊन आले, तर चौतीस. पाणी पिऊन, जरा पडून पुन्हा चढले, तर तीस. "एका दिवसमा एवढी चरबी कोठे गई आनि कोठून उनी?" दाजी म्हणाले. "बठ्ठं खोटं शे." टाचांना भेगा असल्या की वीज नीट जात नाही असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी तळपायांना शेंगदाण्याचं तेल चोपडलं. काट्याने आकडा द्यायला नकार दिला आणि दाजी घसरून थेट देवघराच्या उंबऱ्यात बसले.

मग टेप. मानेचा घेर, पोटाचा घेर, उंची, आणि मोबाईल गणित करतो. मान जाड निघाली की चरबी कमी निघते, हे कळल्यापासून दाजी मापाच्या वेळी गळा बैलासारखा फुगवू लागले. एकदा तर उपरण्यावरून टेप गुंडाळला. चोवीस आले. "पैलवान शे मी," म्हणाले, आणि स्वतःच उपरणं काढलं. पुन्हा सत्तावीस.

तिसरा चिमटा. कातडीची घडी पकडून जाडी मोजायची. तो अक्का धरायची. आणि अक्काच्या हातून आकडा कधी उतरलाच नाही. दाजींची पँट ढिली झाली, गालफडं बसली, चिमटा जिथल्या तिथे. मी एकदा शेजारी बसून पाहिलं. अक्का नुसती कातडी नव्हती पकडत, मूठभर पोट ओढून चिमट्यात कोंबत होती. "अगं, एवढं नाही," मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहाला उठलो.

बाहेर ओट्यावर दाजींना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "माले माहीत शे. मना पोटले समजत नही का? तिले वाटस, आकडा उतरना नही का मी किडनी देवाना नाद सोडसू." आणि वर बजावलं, "तिले काही बोलू नका."

त्यानंतर त्यांनी एकच ठरवलं. तोच काटा, तीच सकाळची वेळ, चहाच्या आधी, कोरडे पाय. "आकडा खोटा ऱ्हाऊ दे. पन रोज सारखाच खोटा बोलस ना? मग उतरना का चढना, तेवढं खरं सांगस." भरीताचा हंगाम सरला आणि आकडा एकतीसवरून तेवीसवर आला.

नाशिकच्या दवाखान्यात आम्ही तिघं पुन्हा गेलो. दाजी एका मुठीत पँट धरून विजयी वीरासारखे आत शिरले. डॉक्टरांनी वजन पाहिलं, कंबर पाहिली, तपासण्यांचे कागद उलटले. "चालेल. छान उतरवलंत."

"आनि टक्के?" दाजींनी विचारलं.

"टक्के आम्ही मागितलेच नव्हते."

दाजींनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की माझे सगळे चौतीस टक्के हलले. नर्सने संमतीचे कागद पुढे केले. दाजींनी वाचायच्या आधीच सही ठोकली. अक्काने मात्र हात पदराखाली घेतले.

"तुमले काही व्हयनं तर?" ती भिंतीकडे बघत म्हणाली.

दाजी तिच्याशेजारी बाकावर बसले. पहिल्यांदाच त्या बाकावर दोघं मावत होते. हळू आवाजात म्हणाले, "तू नही ऱ्हायनी, तर मी धडधाकट ऱ्हाईसन कोनासंगे भांडू?"

अक्काने पदराखालून हात काढून कागद स्वतःकडे ओढले. मग तिने माझ्याकडे हात केला आणि पेन मागितलं.