महाजनबाई काही घेत नाहीत

महाजनबाईंना काही देणं आमच्या लोधीपुऱ्यात आजवर कुणालाही जमलेलं नव्हतं. प्रयत्न सगळ्यांनी केले. माझी बायको सुनीता लग्न होऊन आली, तेव्हा तिनं शेजार म्हणून वाटीभर शेवभाजी पाठवली. पंधरा मिनिटांत वाटी परत आली. घासून, पुसून आणि काठोकाठ श्रीखंड भरून. सुनीता खूष झाली. तिनं दुसऱ्या दिवशी भरीत पाठवलं. संध्याकाळी पुरणाच्या चार पोळ्या आल्या. आठवडाभर असं चाललं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की हा शेजारधर्म नाही, ही लढाई आहे आणि आपण हरतोय.

बाई भूगोल शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी. आता एका कॉलेजच्या ऑफिसात बाबू आहे, पण बाईंच्या लेखी मी अजून तिसऱ्या बाकावरचा, नकाशात समुद्र रंगवायला विसरणारा मनोज. बाई उंच, ताठ, एकट्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची छाती मोहल्ल्यात कुणाची झाली नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माझं आहे माझ्याकडे." छत्री पुढं करा, पाणी विचारा, तापाची गोळी द्या, उत्तर तेच. एकदा त्यांचा जुना विद्यार्थी मोटरसायकल थांबवून म्हणाला, "बाई, बसा ना, घरी सोडतो." बाई म्हणाल्या, "माझे पाय आहेत माझ्याकडे." आता बाईंना चालत सोडून पुढं कसं जाणार? तो बिचारा बस स्टँडपासून लोधीपुऱ्यापर्यंत गाडी ढकलत त्यांच्या बाजूनं चालत आला. घाम पुसत तो मला म्हणाला, "भाऊ, पेट्रोल फुल होतं."

त्यांची थोरली बहीण वारली तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. समोरचे चौधरीकाका म्हणाले, "बाई, तुमचं दुःख आमचंही आहे." बाई पटकन म्हणाल्या, "नाही नाही, माझं आहे माझ्याकडे." काका आजही ते आठवून गोंधळतात.

निवृत्त झाल्यावर वर्षभरानं बाईंनी जाहीर केलं की आपण नर्मदा परिक्रमा करणार. पायी. आम्ही चाट पडलो, कारण बाईंना उपास-तापास करताना कुणी पाहिलं नव्हतं.

"एकतीस वर्षं फळ्यावर ती नदी काढली," त्या म्हणाल्या. "छडी ठेवून सांगितलं, इथं उगम, इथं मुख. मी खरं सांगितलं की खोटं, एकदा बघून येते."

"मग तापी काय वाईट आहे बाई? घराजवळ आहे," मी म्हणालो.

"ती रोज दिसते."

ओंकारेश्वरहून निघायचं, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, तिला कुठंही ओलांडायची नाही. समुद्राशी होडीनं पलीकडं जायचं, दुसऱ्या काठानं थेट अमरकंटक, तिथून वळून परत ओंकारेश्वर. पाच-सहा महिन्यांचं काम. बाईंना सगळं पाठ होतं. पण त्यातली मेख सुनीतानं दाखवली.

"बाई, परिक्रमेत लोक देतील ते खायचं असतं म्हणे. मागावंसुद्धा लागतं."

बाई कागद-पेन घेऊन यादी करायला बसल्या. मग म्हणाल्या, "मी सोबत घेऊन जाईन."

आणि खरंच घेतलं. तांदूळ, डाळ, तिखट, मीठ, छोटा कुकर, औषधांचा डबा, सुई-दोरा. ती पिशवी मी स्टेशनवर उचलायला गेलो तर माझ्या कमरेत कळ आली. अर्थात बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतलीच.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा. सूर तक्रारीचा.

"मनोज, इथली माणसं ऐकत नाहीत रे. रस्त्यात आडवी येतात. 'माताराम, चाय पी के जाओ.' मी म्हटलं, मेरे पास है. तर तो म्हातारा शेतकरी काय म्हणाला ठाऊक आहे? 'तो क्या हुआ, हमारे पास भी है.'"

"मग?"

"मग काय? ह्याला उत्तर काय द्यायचं, तू सांग."

चहा प्यावा लागला होता. पण बाई हरणाऱ्या नव्हत्या. चहाच्या बदल्यात त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या नातींना अंगणात भारताचा नकाशा काढून दिला. पुढं जिथं जेवल्या तिथं भांडी घासली. एका आश्रमात पहाटे उठून सगळं आवार झाडलं, तेव्हा तिथल्या महाराजांनी हात जोडले, "मैया, झाडू ठेवा. रोज झाडणारी बाई रुसून बसली आहे." हे सांगताना बाईंचा आवाज दुखावलेला होता.

पंधराव्या दिवशी पिशवी निम्मी झाली. कुकर एका वस्तीवर देऊन टाकला. "ओझं होतं," एवढंच म्हणाल्या.

बडवानीच्या पुढं डोंगर लागतात. तिथून फोन बंद झाला. रेंज नसणार, असं मी पहिले दोन दिवस म्हणालो. पाचव्या दिवशी सुनीता म्हणाली, "तुम्ही जाता की मी जाऊ?" मी रजेचा अर्ज लिहायला घेतला आणि त्याच दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस टेकडीवर चढून ओरडत होता. "आपकी मास्टरनी बाई हमारे इधर है. बुखार है. घबराना मत."

मी निघालो. बस, मग जीप, मग दीड तास पायी. नदी खाली चकाकत होती, पण माझं लक्ष पायाखालच्या दगडांवर होतं. डोंगराच्या कुशीत चार-पाच झोपड्या होत्या. एका झोपडीच्या अंगणात खाटेवर बाई बसल्या होत्या, पाठीला घोंगडीचा लोड. समोर एक काटक बाई ज्वारीची पेज वाटीत ढवळत होती. तिचं नाव जामी. बाईंचे हात तापानं इतके थरथरत होते की वाटी धरता येत नव्हती. जामी घोट घोट पाजत होती, आणि महाजनबाई लहान मुलासारखं तोंड उघडत होत्या.

मला बघितल्यावर त्यांनी तोंड मिटलं.

"कशाला आलास? माझं बरं आहे."

"घरी चला बाई. बडवानीत डॉक्टरला दाखवू, मग गाडी करू."

"परिक्रमा अर्ध्यात सोडत नसतात. डॉक्टर तालुक्याहून येऊन गेला. तू जा."

जामीला आमची भाषा कळत नव्हती, पण भांडण कळलं. ती हसली आणि पेजेची दुसरी वाटी माझ्या हातात दिली.

मी दोन दिवस राहिलो. ताप उतरला तसा बाईंचा जुना आजार उफाळून आला. त्यांनी आपली चांगली लोकरी शाल काढून जामीपुढं धरली. जामीनं आत जाऊन स्वतःची घोंगडी आणून दाखवली. "है," म्हणाली. बाईंनी औषधांचा डबा काढला. जामीनं छपराला टांगलेली मुळ्यांची जुडी दाखवली. "है." बाई सुई-दोऱ्यावर आल्या. तेही तिच्याकडे होतं. मला हसू आवरेना म्हणून मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो. परत आलो तर बाई तोंड फुगवून बसल्या होत्या आणि जामी त्यांच्या केसांना तेल लावत होती.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच परतलो. बाई मात्र नऊ दिवस तिथं राहिल्या आणि पुढं निघाल्या. नंतरचे फोन कमी झाले आणि छोटे झाले. समुद्र ओलांडला. जबलपूर गेलं. अमरकंटकला म्हणाल्या, "उगम बरोबर शिकवला होता. फक्त मी तो फार मोठा काढत असे."

ऊन तापायला लागल्यावर एका सकाळी त्यांच्या दाराचं कुलूप निघालेलं दिसलं. बाई रापलेल्या, निम्म्या झालेल्या, पण ताठ. आम्ही भेटायला गेलो, त्यांनी प्रसाद दिला, फारसं बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही जेवायला बसणार इतक्यात बाई आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हात रिकामे. सुनीता पाट शोधायला लागली, तर म्हणाल्या, "सुनीता, मी आज स्वयंपाक केलेला नाही."

आम्हाला कळायला वेळच लागला. मग सुनीतानं गडबडीनं ताट केलं. वरण, भात, वांग्याची भाजी, गरम पोळी. बाई खाली बसून हळूहळू जेवायला लागल्या. मध्येच थांबल्या आणि भाजीकडं बघतच बोलल्या.

"आईबाप गेल्यावर मी देडतलाईला मामाकडं वाढले. नऊ वर्षांची होते. मामी वाईट नव्हती. तिनं कधी नाही म्हटलं नाही. पण माझ्या ताटात पोळी टाकायच्या आधी तिचा एक सुस्कारा पडायचा. तेव्हापासून कुणाच्याही घरी जेवायला बसले की माझा कान तिकडेच असतो."

सुनीतानं तव्यावरची पोळी उलटली.

"जामीकडं नऊ दिवस ऐकत होते," बाई म्हणाल्या. "नाही आला."

आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

सुनीताचे गुडघे गेली काही वर्षं धरलेत. खाली वाकायचं झालं की तिच्या तोंडून मोठा श्वास सुटतो, त्याच्यामागून "आई गं" येतं. घरात कुणाचं त्याच्याकडं लक्षही जात नाही. त्या दुपारी ती बाईंना वाढायला चार वेळा खाली वाकली, चार वेळा उठली. ओठ घट्ट मिटलेले. मी तिच्याकडं बघत होतो. तिनं एकदाही श्वासाचा आवाज होऊ दिला नाही.