वीस टक्के हेमांगी

“तिचं एकच मत, तेही वाया गेलं. बरं झालं बाई, नव्यानव्यात हौस फिटलेली बरी,” असं सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या, आणि दाराच्या अलीकडे हेमांगी भाकऱ्यांची दुरडी घेऊन उभी होती.

निकाल तसाच लागला होता. देशाच्या निवडणुका प्रमाणशीर पद्धतीने घेतल्या तर सुधारतील का, हे कागदावर ठरेना, म्हणून बार्शीतल्या मोहोळकरांचं घर तीन महिन्यांसाठी देश म्हणून जाहीर झालं होतं. आधी एक निवडणूक जुन्या पद्धतीने, मग एक नव्या. मतदार पाच: सासरे अण्णा, सासूबाई, नवरा अमोघ, नणंद कल्याणी आणि हेमांगी. निरीक्षक म्हणून गवंडेसाहेब आले. घडीची खुर्ची त्यांनी घरूनच आणली होती. ती त्यांनी फ्रिजशेजारी उघडली आणि ते परदेशात बसल्यासारखे अवघडून बसले.

जुन्या पद्धतीत सासूबाई चार विरुद्ध एक अशा निवडून आल्या. ते एक मत हेमांगीने स्वतःलाच दिलं होतं. देवरुखहून या घरात येऊन तिला सात आठवडे झाले होते, आणि बाकीच्या उमेदवारांशी तिची अजून म्हणावी तशी ओळख नव्हती.

सासूबाईंच्या राजवटीत कारभार चोख चालला. जेवणाच्या टेबलाला खुर्च्या चार. चौघं जेवायची, हेमांगी वाढायची. मग चौघं उठायची, आणि ती उरलेल्या आमटीबरोबर एकटी बसायची. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. बहुमत होतं, एवढंच.

दीड महिन्याने नवी पद्धत आली. गवंडेसाहेबांनी सगळ्यांना समोर बसवून समजावलं, “आता कुणाचंही मत वाया जाणार नाही. ज्याला जेवढी मतं, तेवढा त्याचा वाटा.”

“मग मी स्वतःलाच देतो,” अण्णा म्हणाले.

सासूबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “म्हणजे गेल्या खेपेला मला दिलंत ते?”

“ते वाया जाऊ नये म्हणून.”

सासूबाई त्यानंतर दोन दिवस अण्णांशी शासकीय कामापुरतंच बोलल्या.

मत वाया जात नाही म्हटल्यावर पाचही जणांनी स्वतःलाच मत दिलं. पाच पक्ष झाले, प्रत्येकी वीस टक्क्यांचे. गवंडेसाहेबांनी घराची वाटणी केली. पंखा, टीव्ही, बाथरूमची बादली, सगळ्याचे पाच भाग. रात्री आठ ते नऊ हा जेवणाचा तास, म्हणून प्रत्येकाला टेबलाशी बारा मिनिटं. साहेब घड्याळ धरून नावं पुकारत. आधी सासूबाई एकट्या जेवत, मग अण्णा, मग अमोघ, मग कल्याणी, आणि शेवटी हेमांगी. चार खुर्च्यांतल्या तीन रिकाम्या राहत. पूर्वी एकटं जेवणं हेमांगीच्या वाट्याला होतं, आता ते सर्वांना समान मिळालं.

“आमटीला आज चव नाही,” कल्याणी म्हणाली. कुणाला म्हणाली, ते कळायला समोर कुणी नव्हतं.

सरकार मात्र बनेना. प्रश्न व्हरांड्याचा होता. अण्णा आणि अमोघ यांना तिथे जाळी बसवून खोली हवी होती. सासूबाई आणि कल्याणी यांना व्हरांडा उघडाच हवा होता. दोघं इकडे, दोघी तिकडे, आणि मध्ये हेमांगी.

पहिल्या दिवशी तिची बारा मिनिटं सुरू झाली, तिने भाकरी मोडली, आणि समोरची खुर्ची ओढून सासूबाई बसल्या.

“लोणचं घे. मुरलंय आता चांगलं,” त्या म्हणाल्या. “व्हरांड्याचं काय ठरवलंस?”

हेमांगीने घास चावला. सावकाश चावला. “विचार करते, आई.”

“कर, कर. तुमच्याकडे देवरुखला व्हरांडा उघडाच असेल ना?”

“पडवी म्हणतात,” हेमांगी म्हणाली. लग्न झाल्यापासून देवरुखबद्दल तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. पडवीत सुपाऱ्या वाळत घालतात, तेही तिने सांगितलं. सासूबाईंनी पुरतं ऐकून घेतलं. पाठिंबा हवा होता.

दुसऱ्या दिवशी अण्णा बसले. त्यांनी जाळीचे फायदे सांगितले, आणि भात आणखी हवा का, तेही विचारलं. तिसऱ्या दिवशी अमोघ आला. रोज दुकानातून थकून येऊन मोबाईल घेऊन पडणारा तो माणूस अकरा मिनिटं तिच्याकडे बघत बसला.

“तू डाव्या बाजूनेच चावतेस होय?” तो म्हणाला.

“दाढ दुखते.”

“कधीपासून?”

“लग्नाच्या आधीपासून.”

“बोलली नाहीस ती!” मग त्याला आठवलं आणि त्याने घाईने विचारलं, “बरं, जाळीचं काय?”

“विचार करते.”

असा तिचा विचार महिना-दीड महिना चालला. कल्याणी चिडली. “वहिनी, वीस टक्क्यांत सगळ्या देशाला वेठीला धरलंयस बघ!” असं म्हणाली, आणि म्हणता म्हणता हेमांगीच्या ताटातली शेंगाचटणी बोटाने चाटून गेली. अण्णा म्हणू लागले की ही पद्धत देशाला लावली तर एक सरकार टिकणार नाही. सासूबाई म्हणाल्या, “टिकेल न टिकेल. माणसाच्या मनात काय आहे ते तरी कळतं.” आणि अण्णांना न विचारता चहा दिला.

शेवटच्या दिवशी गवंडेसाहेबांनी पायरीवर बसून आपला डबा एकट्याने संपवला, हात धुतले आणि अहवालाचा कागद काढला. त्यात एकच रकाना रिकामा होता: सरकार बनलं, किंवा नाही बनलं.

“मॅडम, आज सांगावंच लागेल,” ते म्हणाले. “तुमच्या पाठिंब्याने सरकार बनलं, तर ही पद्धत चालते असं मी लिहीन. नाही बनलं, तर चालत नाही. मग देशात जुनीच राहील, आणि तुमच्याकडेही उद्यापासून जुनंच.”

तिची बारा मिनिटं चालू होती. सासूबाई आणि अण्णा समोर बसले, अमोघ शेजारी. कल्याणीला खुर्ची उरली नाही, म्हणून ती फ्रिजला टेकून उभी राहिली. लग्नानंतर हेमांगी जेवत असताना चौघं एकदम जवळ असण्याची ही पहिलीच वेळ. गवंडेसाहेबांनी पेनचं टोपण काढलं.

“बोल गं,” सासूबाई म्हणाल्या. “जाळी, का उघडा?”

हेमांगीने तोंडातला घास संपवला, पाण्याचा घोट घेतला आणि चौघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“मी कुणालाही पाठिंबा देते,” ती म्हणाली. “पण तो दिल्यावर, उद्या मी जेवायला बसले की समोर कोण बसणार, तेवढं आधी सांगा.”