पोचल्याचा फोन

पाठीवर सॅक लावून आरतीला उभा राहणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. आमच्या शेजारीच राहतो. मागे इथे लंडनच्या टोकाला, पिनरच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा गणपती होता, तेव्हा टिपणीस डॉक्टर तांदूळ भरलेली भलीमोठी सॅक पाठीला लावून आले आणि पहिल्या रांगेत उभे राहिले. आरत्या झाल्या, सगळ्यांनी रीतीप्रमाणे स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली. डॉक्टरांनीही घातली. त्यांच्यामागून त्यांची सॅक फिरली, आणि मोदकांचं ताट भक्तांच्या आधी कार्पेटला मिळालं.

“अहो डॉक्टर, निदान देवासमोर तरी ती सॅक काढा,” मी मोदक गोळा करत म्हटलं.

“काढून कसं चालेल? पाठीला सवय लावतोय,” ते म्हणाले. “बाकी, जखमी कोणी नाही ना? मग सगळं स्टेबल.”

टिपणीस डॉक्टर भूलतज्ज्ञ. इथल्याच हॉस्पिटलमध्ये जन्म घालवला आणि रिटायर झाले. भाषा मात्र ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आली नाही. चहा कसा झालाय विचारलं तर ‘स्टेबल’. बागेतला गुलाब वाळत चालला तर तो ‘क्रिटिकल’. त्यांची सून एकदा रुसून माहेरी गेली होती, ती ‘अंडर ऑब्झर्व्हेशन’. शीलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याचं मराठीत भाषांतर करून आम्हाला सांगायच्या. त्या गेल्या आणि डॉक्टरांच्या घरातला आवाजच बंद झाला. दोन वर्षं भिंतीपलीकडून मला फक्त किटलीची खटखट ऐकू यायची. मुलगा एडिनबराला. गुणी आहे हो, पण वडिलांना फोन करायचा तर आधी कॅलेंडरमध्ये जागा शोधतो.

आणि मग सत्तरीला आलेल्या या गृहस्थांनी एक दिवस कुंपणावरून जाहीर केलं, “मंजिरी, मी बॅकपॅकिंगला चाललोय. सात महिने.”

मला वाटलं, चार दिवसांची लहर असेल. पण नाही. दुसऱ्या दिवसापासून सॅक पाठीवर चढली. सॅकेचं वजन कमी करायचं म्हणून त्यांनी टूथब्रशचा दांडा अर्धा कापला. बनियनच्या मागची लेबलं उसवली. कंगवा ठेवायचा की नाही यावर माझ्याशी अर्धा तास चर्चा केली. डोक्यावर केस किती, हे मी त्यांना विचारलं नाही. आणि एवढं सगळं करून सॅकेत थालीपिठाच्या भाजणीचे दोन मोठे पुडे.

“हे वजन नाही वाटतं?”

“भाजणी हे औषध आहे. औषधाचं वजन करत नाहीत.”

निघायच्या दिवशी मी त्यांच्या हातावर दही घातलं आणि आपण सगळेच म्हणतो ते म्हटलं, “पोचलात की फोन करा.”

बस्स. माझ्या तोंडून हे निघालं आणि माझी शांतता संपली. कारण डॉक्टरांनी ते वाक्य प्रिस्क्रिप्शनसारखं घेतलं. व्हिएतनामला उतरले, फोन. हॉस्टेलवर गेले, फोन. बस बदलली, फोन. मी कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, काम घरून करते. कचऱ्याच्या डब्यांवर गंभीर मीटिंग चालू असायची आणि फोन वाजायचा.

“पोचलो. पोट स्टेबल. हवा स्टेबल. गुडघा अंडर ऑब्झर्व्हेशन. ठेवतो.”

ठेवतो म्हणायचे आणि वीस मिनिटं बोलायचे. हॉस्टेलमध्ये वरच्या बंकवर चढताना चार देशांच्या पोरांनी कसं ढकललं ते सांगायचे. भाजणीचं थालीपीठ खाऊन एका स्वीडिश मुलीने आईला फोन करून पाककृती कळवली म्हणे. रात्री सगळ्या डॉर्मला ते आपल्या जुन्या केसेस ऐकवत. “दहा मिनिटांत सगळे गाढ झोपतात,” अभिमानाने सांगायचे. हाडाचे भूलतज्ज्ञ, दुसरं काय.

माझी मुलगी ईशा मेडनहेडला नोकरी करते, रोज ट्रेनने ये-जा. तिने त्यांच्या फोनवर काहीतरी करून ठेवलं होतं, त्यामुळे ते कुठे आहेत ते आम्हाला नकाशावर दिसायचं. थायलंड झालं, मलेशिया झालं, शेवटी श्रीलंका आली. दक्षिणेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने थोडं चालत, थोडं बसने कोलंबोला जायचं आणि तिथून शुक्रवारी विमानात बसायचं, असा बेत. तंगल्ले झालं, वेलिगामा झालं, गॉल झालं, हिक्कडुवा झालं. आता कोलंबो हाकेच्या अंतरावर.

मंगळवारी ईशा ऑफिसातून आली ती फोन नाचवतच. “आई, टिपणीस आजोबा उलटा चाललीये.”

ईशाच्या मराठीकडे मी दुर्लक्ष करते, पण नकाशाकडे करता येईना. माणूस हिक्कडुव्याहून परत गॉलला.

फोन आला तेव्हा विचारलं, तर म्हणाले, “पंचा विसरला होता. घ्यायला आलो.”

ठीक आहे, पंचा तर पंचा. बुधवारी वेलिगामा. काय, तर टोपी राहिली. आता मात्र माझं डोकं फिरलं. मीटिंग म्यूट केली आणि तोंड सोडलं. “डॉक्टर, परवा तुमचं विमान आहे. तुम्ही विमानतळाकडे पाठ करून चाललाय. उद्या काय, तंगल्लेला साबणाची वडी राहिलीये? विमान चुकलं, व्हिसा संपला, म्हणजे मग काय करणार आहात? तुमच्या मुलाला मी काय तोंड दाखवू?”

पलीकडून नुसता समुद्र ऐकू येत होता.

“मंजिरी,” ते म्हणाले, “टोपी डोक्यावरच आहे.”

“मग?”

“शीला होती ना, तेव्हा मी हॉस्पिटलला पोचलो की तिला फोन करायचो. हॉस्पिटल दोन मैलांवर, पण तिचा नियम होता. पोचलो, एवढंच म्हणायचं. ती ‘बरं’ म्हणायची. ती गेल्यावर मी टेस्कोत भाजी आणायला गेलो, लायब्ररीत गेलो, एकदा थेट एडिनबराला गेलो. कुठेच पोचल्यासारखं वाटेना. कळवायचं कोणाला?”

मी मीटिंगचा लॅपटॉप मिटला.

“म्हणून म्हटलं, लांब जावं. लांब गेलेल्या माणसाने पोचल्याचं कळवायचं, ही आपली रीतच आहे. कोणी विचारत नाही, का केला फोन. सात महिने मी तुला रोज फोन केला, तू रोज ‘बरं’ म्हणालीस. आता शुक्रवारी घरी आलो की मी तुझ्या भिंतीपलीकडे. तिथून कुठल्या निमित्ताने फोन करू? हा किनारा संपला की झालं सगळं. म्हणून जरा रेंगाळतोय. एवढंच.”

भूल देणाऱ्या माणसाला स्वतःला भूल देता येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. सात महिने मी या फोनची चेष्टा करत होते. नवऱ्याला, मुलीला, ऑफिसात सगळ्यांना नकला करून दाखवल्या. पण खरं सांगते, अकरा वाजत आले की मी चहा टाकायचे आणि फोन उलटा ठेवलेला सरळ करून ठेवायचे. ईशा ट्रेनमध्ये, नवरा ड्यूटीवर, आणि रिकाम्या घरात दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारा तो एकच माणूस होता. हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगून टाकलं. सांगताना आवाज चिरकला, तर चिरकू दे म्हटलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“शुक्रवारी मी हीथ्रोला येते,” मी म्हटलं.

“छे छे, कशाला? मी काय कुक्कुलं बाळ आहे? पिकाडिली लाइनची गाडी घ्यायची, रेनर्स लेनला बदलायची. तू तुझे कचऱ्याचे डबे बघ.” आणि खरंच ठेवला फोन.

शुक्रवारी रजा टाकली आणि गेले. अरायव्हल्सला ही गर्दी. फुगे, पाट्या, आज्यांच्या गळ्यात पडणारी नातवंडं. दार सरकायचं, माणसं बाहेर यायची आणि आल्या आल्या आपली कोण ते शोधायची. मग डॉक्टर आले. रापून काळे झालेले, निम्मे झालेले, पायांत चपला. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. मान खाली घालून, कठड्याला लागून, ट्यूब रेल्वेच्या बाणाकडे सरळ चालायला लागले. आपलं इथे कोणी नाही हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, तसा माणूस चालतो.

“अहो डॉक्टर,” मी हाक मारली.

ते थांबले आणि मागे वळून बघायला लागले, कोणाला बोलावतायत ते.

मागे कोणीच नव्हतं. मी पुन्हा हाक मारली.