इस्माईलचाचांचा रुमाल

कळंबला आमच्या गल्लीत इस्माईलचाचांशी हात मिळवणं सोपं नाही. तुम्ही हात पुढं केला, की चाचा त्यावर चौकड्यांचा रुमाल टाकतात, रुमालाखालून मनगट धरतात आणि डोळे मिटून विचारतात, "घोरता का हो तुमी?"

चाचांची हयात बैलबाजारात दलालीत गेली. तिथं सौदा रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी. भाव फक्त दोघांना कळायचा. बाजार सुटला, रुमाल राहिला. मग एका शिबिरात डॉक्टर म्हणाले, उतारवय, बीपी, जड अंग, घोरणं असेल तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका जास्त. त्यातून लकवाही मारू शकतो. झालं! चाचा माणसांना बैलांसारखं पारखू लागले. एका लग्नात नवरदेवाच्या बापाला हार घालतानाच म्हणाले, "पाव्हणं, तुमचा ठेका चुकणार. कार्डिओग्राम काढा." पाव्हणे पंगतीत जेवलेच नाहीत.

मलाही सोडलं नाही.

"सर, जिना चढताना लई दम लागतोय तुमाला."

"चाचा, खांद्यावर ज्वारीचं पोतं होतं!"

"बैलाला बोलता आलं असतं, तर त्योबी हेच म्हणाला असता."

चाचांचं चालत नव्हतं ते फक्त स्वतःच्या घरात. चाची अंगानं भारदस्त, बीपीची गोळी हमखास विसरणार, आणि घोरणं भिंतीपलीकडं आम्हाला ऐकू येणारं. पण तपासणी म्हटलं, की "मला काय धाड भरलीय? एकटी दवाखान्यात गेले, तर लोक म्हणतील, आटोपलं हिचं."

एका सकाळी दवाखान्यात जायला चाचांनी टेम्पो आणला आणि माझ्यासकट गल्लीतली सगळी धोक्याची माणसं त्यात भरली. शेजारच्या बाया चढल्या, तशा चाचीही चढल्या. चाचा माझ्या कानाशी लागले, "ही एकटी येत न्हाय, सर. म्हनून समद्यास्नी भेव घातलं. राग मानू नका."

आमचे सगळ्यांचे ठोके सरळ निघाले. चाचींचे मात्र चुकत होते. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले, "गोळ्या सुरू करू."

परतताना टेम्पोत चाची चाचांशेजारी बसल्या. चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्यांच्या हातावर टाकला.

"छोडो जी, लोगां देखरे!" चाची पुटपुटल्या. पण हात काढला नाही.

आम्ही सगळे रस्त्याकडं बघत बसलो. रुमाल मधूनमधून हलत होता. खाली काय ठरत होतं, ते त्या दोघांनाच ठाऊक.