देवराव गुरुजींचा समुद्र

आंजीच्या शाळेत सकाळची प्रार्थना आटोपली की देवराव गुरुजी खिशातलं घड्याळ काढत, भिंतीवरच्या पंचांगात तिथी बघत आणि गंभीरपणे जाहीर करत, "हर्णैले भरती लागली."

आता आंजी आहे वर्धा जिल्ह्यात आणि हर्णै बंदर चारपाचशे मैल लांब, कोकणच्या किनाऱ्यावर. आमच्याकडचं पाणी म्हणजे धाम नदी, तीही उन्हाळ्यात अंग चोरून वाहणारी. त्यामुळे वावरात निघालेली माणसं मुद्दाम शाळेपाशी थांबून विचारत, "गुरुजी, आज समुद्र कुठलोक आला?" गुरुजी न चिडता नीट उत्तर देत. थट्टा कळण्याचं इंद्रिय देवानं त्यांना दिलंच नव्हतं, असं मी बरेच दिवस समजत होतो.

स्वातंत्र्याला आठदहा वर्षं झाली होती, मी शाळेत नवा होतो आणि गुरुजी माझे वरिष्ठ. त्यांचा दुसरा ध्यास नकाशाचा. शिपायाला खडू आणायला वर्ध्याला धाडायचं तरी ते त्याच्या हातात नकाशा काढून देत. आंजीहून वर्ध्याला रस्ता एकच, आणि शिपायाचा जन्म त्याच रस्त्यावर गेलेला. एकदा कुणाचा बैल हरवला, तर गुरुजींनी पंचक्रोशीचा नकाशा काढून बैल कुठे असेल तिथे फुली मारली. बैल मालकाच्या घरामागेच सापडला. "मंग नकाशा कोनं पाह्यला?" असं गुरुजींनी मालकालाच सुनावलं.

कोकणच्या किनाऱ्यावरचे किल्ले, खाड्या, दीपगृहं त्यांना तोंडपाठ होती. समुद्र मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

यामागचं कारण सगळ्या आंजीला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. गुरुजींची एकुलती एक लेक वच्छला वर्ध्याला सूतकताईच्या शिबिरात गेली. तिथे हर्णैकडचा एक मुलगा भेटला, आणि चार वर्षांपूर्वी तिनं त्याच्याशी लग्न केलं. मुलगा चांगला होता, पण जातीबाहेरचा. गुरुजी लग्नाला गेले नाहीत. घरात तिचं नाव घेणं बंद झालं. महिन्याभरात भिंतीवर कोकणचा नकाशा आला आणि भरती सुरू झाली.

एका दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींनी जाहीर केलं, की शिकवणाऱ्यानं एकदा किनारा डोळ्यांनी बघायला हवा, म्हणून ते निघालेत. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला आडोशाला बोलावलं. "भाऊ, तुमी संग जा. हे एकटे गेले तर समुद्र पाहून वापस येतीन."

मुंबईहून बोटीनं आम्ही हर्णैला उतरलो. दिवसभर किनारा दाखवायला रखमाजी नावाचा म्हातारा खलाशी ठरवला. बिचाऱ्यानं सुवर्णदुर्गाकडे बोट दाखवून तोंड उघडलं, तेवढंच. पुढचं सगळं गुरुजींनी सांगितलं. किल्ल्याचा दरवाजा कुठे, आत पाणी कुठे, पलीकडचा खडक केवढा. दीपगृहापाशी तर रखमाजीच त्यांना प्रश्न विचारू लागला. दुपारी त्यानं मला हळूच विचारलं, मास्तर इथलेच का म्हणून.

वच्छलाचं घर खाडीपलीकडच्या वाडीत होतं. तरीच्या होडीत बसलं की पंधरा मिनिटांचं काम. पण गुरुजींना एकेक गोष्ट बघायची राहिलेली आठवू लागली. बुरूज पुन्हा बघितले. वाळलेली मासळी बघितली. उलटी पडलेली होडी बघितली आणि तिची लांबी पावलांनी मोजली. मला राग येऊ लागला होता.

शेवटी, पाय बुडवून येतो म्हणून ते पाण्याकडे गेले. आमच्याकडे नदीवर जातात तशा त्यांनी चपला अगदी पाण्याच्या काठाशी काढल्या आणि गुडघाभर पाण्यात वाडीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. परत वळले तर चपला नव्हत्या. चार वर्षं रोज भरती सांगणाऱ्या माणसाच्या चपला भरतीनं नेल्या होत्या. रखमाजी हसला. मीही हसणार होतो, तेवढ्यात गुरुजींचा चेहरा बघितला. त्यांचं चित्त कुठे होतं ते मला दिसत होतं.

"आता अनवानी कसं जावाव कोनाच्या दारात? चाला वापस," ते म्हणाले.

रखमाजीला एव्हाना सगळं उमगलं असावं. त्यानं आपल्या वहाणा काढून गुरुजींच्या पायांपुढे ठेवल्या आणि तरीची होडी बोलवायला गेला.

वच्छला अंगणात भात वाळवत होती. घरची मंडळी शेतावर गेलेली. तिनं बापाला बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. गुरुजी कुंपणाशी उभे राहून तिला त्या खाडीची माहिती सांगू लागले. उगम कुठे, मुखाशी वाळू का साचते. ती सगळं ऐकून घेत होती. सांगण्यासारखं संपलं तेव्हा तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि आत नेलं.

चुलीपाशी तांदळाच्या भाकरी होत्या, कुळथाची पिठी होती. माझं ताट मांडून ती बापापुढे घुटमळली. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न घेत नाही, आणि गुरुजी असले नेम कधी मोडत नसत. जातीचं तर तिनं काढलंच नाही.

"बाबा, तुमाले चालनार नाई," ती म्हणाली. "मले अजून लेकरू नाई."

गुरुजींनी स्वतःच पाट ओढून घेतला. "बाप जेवत नाई, माय. वाटसरू जेवते. दिवसभर हिंडून आलो. वाढ."

ते खाली मान घालून जेवले. तांदळाची भाकर त्यांनी पहिल्यांदाच खाल्ली असेल, पण तिच्याविषयी काही बोलले नाहीत. वच्छला समोर बसून बघत होती.

"बाबा, इतके दिवस काऊन लावले?"

गुरुजींनी उपरण्यानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले. आणि ताट पुढे केलं.

"आनखी अर्धी दे."

तिनं अख्खी वाढली.